दोन वॉल्व्हमधली हाक

बोरपाडीच्या पाणी संस्थेचा चेअरमन व्हायला गावात रांग लागायची, सेक्रेटरी व्हायला मात्र कुणी पुढं येत नसे. चेअरमनला हार आणि फेटा. सेक्रेटरीला उन्हातान्हाचे हेलपाटे. आप्पासो मगदूमनं हे काम पत्करलं ते स्वभावापायी. कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली त्याला बघवत नसे. दाराची कडी लागली का, चूल विझली का, हे बघायला तो अंथरुणातून पुन्हा पुन्हा उठायचा आणि बायको राजमती कूस बदलून म्हणायची, "लागलीया कडी. झोपा आता." अशा काळजीखोर माणसाच्या गळ्यात गावानं अख्खं पाणी बांधलं.

पंचगंगेच्या काठाला पंपहाऊस, तिथून चढानं माळापर्यंत पुरलेली सिमेंटच्या पाइपांची लाइन, आणि त्या एका लाइनीवर शेतागणिक एकेक वॉल्व्ह. पंप पुण्याच्या कंपनीचा, लाइन मिरजेच्या ठेकेदारानं टाकलेली, वीज सरकारी आणि ऊस गावाचा. सगळं सुरळीत चाललं की प्रत्येकजण म्हणायचा, हे आमच्यामुळं. बिघडलं की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं. त्या सगळ्या बोटांच्या मधोमध आप्पासो उभा असायचा.

माळावर टाकी बांधायची राहून गेली होती. म्हणून पंप चालू असेतोवर वरचा कुठला तरी एक वॉल्व्ह उघडा असावाच लागे. धावतं पाणी एकदम अडलं तर ते मागं फिरून पंपावर आदळतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर गावानं आपली रीत बसवली होती. ज्याची पाळी संपली त्यानं शेजारच्या शेताकडं तोंड करून विचारायचं, "सोडलं का?" शेजाऱ्यानं आपला वॉल्व्ह उघडायचा आणि ओरडून सांगायचं, "सोडलं." ते कानावर पडल्यावरच पहिल्यानं आपलं चाक फिरवून पाणी बंद करायचं. माणसं भांडत, कोर्टात जात, एकमेकांच्या लग्नाला फिरकत नसत, पण पाण्याची हाक कुणी चुकवत नसे.

आप्पासोच्या शेताला लागूनच त्याच्या धाकट्या भावाचं, जयपालचं शेत होतं. पाळीही लागून. आणि या दोन भावांत बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर एक हात. संस्थेच्या सभेत विषय निघाला होता, सेक्रेटरी आप्पासोच ठेवायचा की बदलायचा. बदलायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर पाच-पंचवीस हात वर गेले, आणि त्यात जयपालचा होता. आप्पासो सेक्रेटरी राहिला, पण सख्ख्या भावाचा तो वर गेलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून काही हलेना. जयपालनं तसं का केलं हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं.

त्यानंतर बायका बोलायच्या, सणाला ताटं इकडून तिकडं जायची, आणि पाण्याची हाक ज्ञानू घालायचा. ज्ञानू आप्पासोचा जुना गडी. तो बांधावर उभा राहून जयपालला विचारायचा, "सोडलं का?" आणि मग आप्पासोकडं वळून सांगायचा, "सोडलंय म्हनत्यात." हे जयपालचं "सोडलं" आप्पासोला स्वच्छ ऐकू आलेलं असायचं, तरी तो ज्ञानूनं सांगेपर्यंत थांबायचा. हसावं की रडावं असा प्रकार होता, पण चालला होता.

अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा. ज्ञानू बहिणीच्या घरी गडहिंग्लजला गेला होता. सकाळी आप्पासोचं रान भिजलं. त्याला संस्थेच्या कामाला कोल्हापूरला जायचं होतं, एसटीची वेळ झाली होती. जयपाल आपल्या वॉल्व्हपाशी येऊन उभा राहिलेला त्याला दिसला. पाळी ठाऊक आहे, डोळ्यांनी बघतोय, सोडेल की, असं मनाशी म्हणत आप्पासोनं आपलं चाक फिरवलं, पाय धुतले आणि बस गाठली. बसमध्ये बसल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटायला लागलं. त्यानं पिशवी चाचपली, खिसे चाचपले, छत्री पाहिली. सगळं जागेवर होतं. तरी कोल्हापूर येईपर्यंत त्याचं चित्त काही ठिकाणावर आलं नाही.

दिवस मावळायच्या सुमारास तो परतला तेव्हा अर्धं गाव पंपहाऊसपाशी होतं. पंपाच्या तोंडाशी बसवलेला ओतीव बिडाचा जाड वॉल्व्ह फुटून त्याचे तुकडे झाले होते. लाइनीतलं पाणी उलटं येऊन पंपहाऊस भरलं होतं, मोटर भिजली होती. आणि पंपावरचा मीरासाब नदाफ तिथं नव्हता. एक तुकडा त्याच्या डाव्या दंडावर बसला होता. साखर कारखान्याच्या जीपमधून त्याला कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात नेलं होतं.

मीरासाब पंप बसला त्या दिवसापासून पंपावर होता. हसरा माणूस. पंपहाऊसच्या दारात तुळस लावलेली, ती राजमतीनं दिलेली. त्याच्या चपला दारात तशाच होत्या. आप्पासोनं त्या उचलून तुळशीपाशी नीट जोडीनं ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून हेलपाटे सुरू झाले. हातकणंगल्याच्या पोस्टात बसून पुण्याला ट्रंक कॉल लावायचा. लागला की कंपनीतला माणूस म्हणायचा, "अचानक वीज गेली असणार. पंपात दोष नाही. वीजवाल्यांचं लेखी आणा." आप्पासो कोल्हापूरला वीज कार्यालयात. तिथले साहेब म्हणायचे, "त्या दिवशी वीज गेलेलीच नाही. लाइन टाकणाऱ्याला धरा." मग मिरजेला. ठेकेदार सयाजी पानाची पिंक टाकून म्हणायचा, "पायपा हाय तशा हाईत न्हवं? फुटलं ते पंपाजवळ. मला कशाला मधी घेता, सेक्रेटरी? कंपनीला विचारा." असं गोल फिरून आप्पासो पुन्हा पोस्टाच्या बाकावर.

मगदुमांच्या जैन घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नसे. आप्पासोची एसटी रोजच दिवे लागल्यावर यायची, म्हणून तो रोज उपाशी झोपायचा. त्याची भूकही मेली होती म्हणा. सकाळी उठला की दारात कुणी ना कुणी उभं. "काय झालं वो पान्याचं?" माळावरच्या उसाची पानं आधी दुपारी वळायला लागली, मग सकाळीही वळलेलीच दिसायला लागली. लोक त्याला काही वाईट बोलत नव्हते, नुसते बघायचे. त्याला वाटायचं, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

शेवटी हातापाया पडून त्यानं तिघांनाही एका दिवशी पंपहाऊसवर आणलं. पुण्याहून सहस्रबुद्धे नावाचे इंजिनिअर आले, शांत, कमी बोलणारे. वीजवाले साहेब आले, सयाजी आला. चेअरमन आकारामतात्या फेटा बांधून आले. सहस्रबुद्ध्यांनी फुटक्या वॉल्व्हचे तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "हा पाण्याचा दणका आहे. वाहतं पाणी कुठंतरी एकदम अडलंय." मग आप्पासोकडं वळून त्यांनी साधाच प्रश्न विचारला, "हे फुटलं तेव्हा वर कुणाचा वॉल्व्ह उघडा होता?"

"पाळीवाल्याचा असंल की," आप्पासो म्हणाला. तोंडातून ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"म्हणजे वर काही अडलेलं नाही. वीजही गेली नाही म्हणता." सहस्रबुद्धे थांबले. "मग खालीच अडलं असणार. चालकानं पंपाजवळचा वॉल्व्ह झटक्यात बंद केला असेल."

वीजवाल्या साहेबांनी मान हलवली. सयाजीनंही हलवली. इतके दिवस एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या तिघांचं एका क्षणात एकमत झालं. कारण मीरासाबला ना कचेरी होती ना वकील, आणि तो तिथं नव्हताही. सहस्रबुद्धे वाईट माणूस नव्हते. त्यांना मिळालेल्या उत्तरावरून निघत होतं तेच ते बोलले. चालकाची चूक असं संस्थेनं लिहून दिलं तर कंपनी सलोख्याखातर वॉल्व्ह बदलून देईल, सयाजी जोडणी करून देईल, वीजवाले लगेच तपासणी करतील, असं ठरलं. फक्त सेक्रेटरीची सही हवी होती.

"उद्या सकाळी देतो," आप्पासो म्हणाला. "एकदा मीरासाबला इचारतो."

आकारामतात्यांनी त्याला बाजूला घेतलं. "त्येला काय इचारायचंय? सही कर आनि मोकळा हो. ऊस जळाय लागलाय. मीरासाबचं मागनं बगू, घालू कुटंतरी."

आप्पासो तडक कोल्हापूरला गेला. दवाखान्याच्या लांबलचक खोलीत मीरासाब खाटेवर पडला होता, दंडापासून मनगटापर्यंत प्लास्टर. उशाशी त्याची बायको खैरुनबी बसली होती. तिनं उठून स्टूल पुसून दिलं. आप्पासोनं पिशवीतली मोसंबी काढून ठेवली आणि छताकडं बघत बसला.

बोलला तो मीरासाबच. "सेक्रेटरी, मी काय केलं वो?"

"म्हंजे?"

"दिवसभर इचार करतोय. मी त्या वॉल्व्हला हातबी लावला न्हाय, असं वाटतंय. पन मंग फुटलं कसं? हात लागला आसंल. झोप लागली आसंल का मला? आठवंना झालंय." त्याचा आवाज खाली गेला. "गावाचा ऊस माज्या हातनं गेला म्हना की."

खैरुनबी म्हणाली, "रात रात डोळा लागत नाही त्यांचा. तुमीच सांगा त्यांना, तुमची चूक न्हाय म्हणून. तुमचं ऐकतील."

आप्पासोला ते सांगता आलं नाही. तो "येतो" एवढंच पुटपुटला आणि बाहेर पडला. मीरासाबनं आपली चूक नाही असं ठासून सांगितलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर आप्पासोनं कदाचित सहीसुद्धा केली असती. पण ज्यानं काही केलं नाही तोच आपल्यात चूक शोधत बसलाय, आणि ज्यानं केलं... इथं येऊन आप्पासोचा विचार अडखळायचा, बिचकायचा. इतके दिवस तो सगळ्यांच्या दारात गेला होता, एका जागेकडं मात्र फिरकला नव्हता. आपल्या शेताकडं.

एसटीतून उतरला तेव्हा दिवस बराच वर होता. घरी जाऊन जेवता आलं असतं. तो शेताकडं वळला. फुटल्या दिवसापासून लाइनीत पाणी नव्हतं, त्यामुळं वॉल्व्हना कुणी हात लावायचं कारण नव्हतं. जो जसा होता तसाच असणार होता. त्यानं आपल्या वॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. घट्ट बंद. ते तो जाणूनच होता, तरी त्यानं चाक पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

मग तो बांध ओलांडून जयपालच्या शेतात शिरला. सभेच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. ढेकळं वाळून खणखणीत झाली होती. जयपाल वॉल्व्हपासून चार हातांवर बांधाला टेकून बसला होता. तो उठला नाही, कोण म्हणून विचारलंही नाही. आप्पासोनं वाकून त्याच्या वॉल्व्हचं चाक फिरवून पाहिलं. तेही घट्ट बंद होतं.

दोघांचे वॉल्व्ह बंद. बाकी कुणाची पाळीच नव्हती. पाणी चढावर धावत आलं होतं आणि वर त्याला एकही दार उघडं नव्हतं. एक भाऊ "सोडलं का?" विचारायला तयार नव्हता, आणि दुसरा विचारल्याशिवाय सोडायला. हाकेच्या अंतरावर दोघं उभे होते. आप्पासोनं वर पाहिलं तेव्हा जयपालनं मान खाली घातली. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं.

घरी राजमतीनं ताट वाढलं. दिवस मावळायला थोडा वेळ होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

"ज्ञानू त्या दिवशी गडहिंग्लजला हुता न्हवं?" राजमती पाठमोरी राहूनच म्हणाली.

"व्हय."

"मला वाटलंच." बाहेर अंधार पडायला लागला, तसं तिनं ताट उचललं.

सकाळी संस्थेच्या ओसरीवर गाव जमलं. सहस्रबुद्धे मुक्कामाला होते, त्यांनी मजकूर तयार ठेवला होता. पेन पुढं केलं. सही केली की चार दिवसांत पाणी. न केली तर कंपनी हात झटकणार, सयाजी हात झटकणार, आणि जळत्या उसाचं तोंड आपल्या दाराकडं वळणार. त्यानं पेन खाली ठेवलं आणि उभा राहिला.

"मीरासाबनं काय केलेलं न्हाय," तो म्हणाला. "माजी पाळी संपली हुती. मी हाक दिली न्हाय. तसाच वॉल्व्ह बंद केला आनि बस धरली. फुटलं ते माज्यामुळं."

आधी कुणाला कळलंच नाही. मग कळलं आणि ओसरीवर एकच गलका उठला. सहस्रबुद्ध्यांनी मजकुराचा कागद शांतपणे घडी करून खिशात ठेवला. "मग आमच्याकडून काही करता येणार नाही, मगदूम. वाईट वाटतं." आकारामतात्यांनी कपाळावर हात मारला. मागून कुणीतरी ओरडलं, "इतके दिस आमास्नी गोल गोल फिरवलंस व्हय रं?" आप्पासो मान खाली घालून उभा होता. ते खोटं नव्हतं, आणि त्यानं मुद्दाम केलं नव्हतं हे आता कुणाला पटणार नव्हतं.

"आरं, पन तू बंद केलास तर पुडच्यानं उगडला आसंल की," तात्या म्हणाले. "पुडची पाळी कुनाची?"

आपल्यापुरतं बोलायचं, भावाचं नाव घ्यायचं नाही, एवढं आप्पासोनं वाटेत ठरवलं होतं. ओसरीच्या टोकाला, खांबाजवळ, एक हात वर गेला. आप्पासोनं तो लगेच ओळखला. तोच हात, तसाच खांद्यापासून सरळ वर.

"माजी," जयपाल म्हणाला. "म्या उगडला न्हवता. हाक आली न्हाय म्हनून उबा ऱ्हायलो." हात खाली घेतला आणि कुणी काही विचारायच्या आत तो पायऱ्या उतरून निघून गेला.

पुढचं सरळ झालं नाही. दुरुस्तीचा भार दोघा भावांनी उचलायचा ठरला. राजमतीच्या पाटल्या गेल्या, जयपालची म्हैस गेली. आप्पासोनं सेक्रेटरीपद सोडलं. सोडलं नसतं तर काढलं असतं. कुरुंदवाडकडच्या एका संस्थेकडं जुना वॉल्व्ह पडून होता, तो आणला. मोटरीची तार कोल्हापुरात उद्यमनगरात नव्यानं भरून घेतली. हे सगळं होईपर्यंत माळाच्या वरच्या अंगाचा ऊस हातचा गेला होता. ज्यांचा गेला त्यांनी आप्पासोला रामराम घालणं सोडलं. ते त्यानं निमूट सोसलं. मीरासाबचा हात कोपरात थोडा वाकडा बसला, पण तो पंपावर परत आला. ज्या दिवशी आप्पासोनं दवाखान्यात जाऊन त्याला खरं सांगितलं, त्या दिवशी मीरासाबनं प्लास्टरचा हात उचलून उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "आज झोप लागंल बगा." त्यानं माफ केलं की नाही, हे आप्पासोला कधी नीट कळलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही.

पाणी सुरू झालं. पाळी फिरत फिरत आप्पासोवर आली. ज्ञानू नेहमीसारखा बांधावर जाऊन उभा राहायला लागला, तर आप्पासोनं त्याला खालच्या पाटाकडं पाठवलं. रान भिजलं. पलीकडं जयपाल आपल्या वॉल्व्हपाशी येऊन थांबला, इकडं पाठ करून.

आप्पासोनं चाकावर हात ठेवला. पाइपातलं पाणी हाताला थरथरत जाणवत होतं. सगळ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला एक हाक जड झाली होती. त्याच्या मनात आलं, हाक दिली आणि तो वळलाच नाही तर? पाणी तसंच वाहू द्यायचं, बंद करायचं नाही, रान बुडालं तरी चालेल. असं ठरवून त्यानं घसा खाकरला.

"जयपाल, सोडलं का?"

जयपालची पाठ हलली नाही. मग तो सावकाश वाकला. चाक फिरल्याची करकर ऐकू आली आणि पाठोपाठ सऱ्यांत पाणी पडल्याचा आवाज.

"सोडलं."

अगदी स्वच्छ ऐकू आलं. आप्पासोनं चाक फिरवायला हवं होतं. पण तो तसाच उभा राहिला. मग त्यानं, ऐकू न आल्यासारखं, पुन्हा विचारलं, "सोडलं का रं?"

जयपालनं या खेपेला मान वळवली आणि बांधावरून रागानंच ओरडला, "सोडलं म्हन्तोय की, आण्णा. कितींदा सांगू?"

"बरं," आप्पासो म्हणाला, आणि डोळे पुसून त्यानं हळूहळू चाक फिरवायला सुरुवात केली.